हलक्या स्पोर्ट्स कारची टेस्ट ड्राइव्ह: तुलना कोणत्या क्रमाने करावी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो: माझदा एमएक्स-५ घ्यावी, टोयोटा जीटी८६ किंवा जीआर८६ घ्यावी, की टोयोटाचीच जुनी एमआर२ शोधावी? प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधण्याची पद्धत मात्र बहुतेक वेळा चुकते. एक गाडी कोरड्या दुपारी शहराबाहेरच्या रस्त्यावर चालवली जाते, दुसरी तीन आठवड्यांनी पावसात औद्योगिक वसाहतीभोवती फिरवली जाते, दोन्हींचे टायर वेगळ्या प्रतीचे असतात, आणि तरीही निष्कर्ष ठामपणे सांगितला जातो की एकीचे स्टिअरिंग जिवंत आहे आणि दुसरीचे नाही. अशा चाचणीत माणसाने हवामान, रस्ता आणि रबर यांची तुलना केलेली असते. गाड्यांची तुलना राहूनच जाते. पुढील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत, कारण प्रत्येक टप्प्यावर पुढच्या टप्प्यातील एक शंका दूर होते. येथे सर्वत्र मॅन्युअल गियरची गाडी गृहीत धरली आहे.

## टप्पा १: कोणत्या गाड्या, हे नेमके ठरवा

नुसते मॉडेलचे नाव पुरेसे नाही. एमएक्स-५ या एका नावाखाली १९८९ पासून चार पिढ्या झाल्या आहेत, आणि त्यांना एनए, एनबी, एनसी व एनडी या अक्षरांनी ओळखतात. २०१५ मध्ये आलेल्या एनडी पिढीतही गाड्या एकसारख्या नाहीत. तिचे दीड लिटरचे इंजिन स्वभावाने वेगळे आहे. दोन लिटरच्या इंजिनात २०१८ मध्ये मोठा बदल झाला आणि त्याची मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची मर्यादा ६,८०० वरून ७,५०० पर्यंत गेली. त्याच बदलात स्टिअरिंग पुढे-मागे सरकवण्याची सोयही आली, आणि उंच माणसाच्या दृष्टीने ती इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे. २०२२ च्या गाड्यांपासून वळणात आतले मागचे चाक किंचित ब्रेक करून गाडीचे उचलले जाणे कमी करणारी प्रणाली बसवलेली आहे. २०१६ ची एनडी चालवून २०२३ च्या एनडीबद्दल मत बनवणे म्हणूनच योग्य नाही.

टोयोटाचेही तसेच आहे. २०१२ ची जीटी८६ आणि तिचीच जुळी सुबारू बीआरझेड यांत दोन लिटरचे, सुमारे २०० अश्वशक्तीचे इंजिन आहे. पुढच्या पिढीत, म्हणजे जीआर८६ मध्ये, ते २.४ लिटरचे झाले आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) ३,७०० फेऱ्यांवरच मिळू लागला. जुन्या इंजिनात ३,५०० ते ४,५०० फेऱ्यांच्या आसपास टॉर्कमध्ये जो खड्डा जाणवत असे, तो नव्यात जवळपास उरलेला नाही. या दोन गाड्यांच्या रोजच्या वापरातील स्वभावात त्यामुळे पुष्कळ अंतर आहे.

एका दिवसात दोन गाड्या उत्तम, तीन ही कमाल मर्यादा. चौथी गाडी आली की पहिलीची आठवण पुसट होते.

इशारा: पहिल्या पिढीची लोटस इलिझ किंवा कॅटरहॅम यांसारखी अतिशय हलकी गाडी चालवण्याची संधी त्याच दिवशी मिळत असेल, तर ती सर्वांत शेवटी चालवावी. सुमारे ७२५ किलोची, पॉवर स्टिअरिंग नसलेली इलिझ आधी चालवली, की नंतरची प्रत्येक गाडी बधिर वाटते आणि उरलेला दिवस निरुपयोगी ठरतो.

## टप्पा २: आकडे वाचा, पण एकाच मापाने

वजनाच्या आकड्यांत सर्वाधिक गोंधळ होतो. युरोपीय पद्धतीच्या वजनात ७५ किलोचा चालक धरलेला असतो. अमेरिकन पद्धतीत चालक धरत नाहीत. आणि काही जुन्या माहितीपत्रकांत तर इंधन, तेल व पाणी यांच्याशिवायचे कोरडे वजन छापलेले असते. एकीचे युरोपीय आणि दुसरीचे अमेरिकन वजन शेजारी ठेवले, तर ७५ किलोचा फरक केवळ कागदावर निर्माण होतो, आणि हजार किलोच्या गाडीत एवढ्या वजनाला फार अर्थ असतो. ढोबळपणे सांगायचे तर चालकाशिवाय एनडी एमएक्स-५ आणि २००० च्या दशकातील एमआर२ या हजार किलोच्या आसपासच्या गाड्या आहेत, तर जीटी८६ सुमारे १,२४० किलोची आहे.

त्यानंतर वजन कोठे आहे ते पाहावे. जीटी८६ मध्ये ते पुढे ५३ आणि मागे ४७ टक्के असे विभागले आहे, एमएक्स-५ मध्ये जवळपास निम्मे-निम्मे आहे, आणि एमआर२ मध्ये इंजिन आसनांच्या मागे असल्याने मागच्या चाकांवर बराच जास्त भार आहे. स्टिअरिंगचे गुणोत्तरही (स्टिअरिंग किती अंश फिरवल्यावर पुढची चाके एक अंश वळतात) लिहून ठेवावे: जीटी८६ चे १३.१ ला १, तर एनडीचे १५.५ ला १ आहे. स्टिअरिंगचे चाक तेवढेच फिरवले तरी टोयोटाचे नाक जास्त वळते. पुष्कळजण या फरकाला स्टिअरिंगची संवेदना समजतात. तो निव्वळ दातेरी चाकांचा हिशेब आहे. आधीच माहीत असले, तर चालवताना माणूस फसत नाही.

## टप्पा ३: समोरची गाडी तुलनेस योग्य आहे का

ज्या गाडीचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी तुकडे) झिजले आहेत आणि शॉक ॲब्सॉर्बर दमले आहेत, ती आपल्या मॉडेलचे प्रतिनिधित्व करत नाही. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ गाड्या आता वीस ते पस्तीस वर्षांच्या झाल्या आहेत, त्यामुळे तेथे हा प्रश्न विशेष गंभीर आहे.

प्रथम गाडीच्या नंबरवरून सरकारी संकेतस्थळावर तिचा एमओटी (ब्रिटनमधील सक्तीची वार्षिक तपासणी) इतिहास पाहावा. तो विनामूल्य दिसतो, आणि सस्पेन्शनचे सांधे, बुश, गंज, एका बाजूला झिजलेले टायर यांविषयीचे सल्ले त्यात वर्षानुवर्षे नोंदलेले असतात. टायर आतल्या बाजूने झिजल्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा दिसला, तर चाकांचे अलाइनमेंट बिघडले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अशा गाडीच्या स्टिअरिंगबद्दल मत बनवू नये.

मग टायर पाहावेत, आणि येथे घाई करू नये. टायरच्या बाजूवरील चार अंकी संख्येतील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. कमी चालवलेल्या गाडीवर खोल नक्षीचे, पण दहा वर्षे जुने आणि कडक झालेले टायर सर्रास आढळतात. हे टायर दिसायला नवे असतात, पकडीला मात्र नाहीत. चारही टायर एकाच बनावटीचे आहेत का, निदान एका आसावरची जोडी तरी सारखी आहे का, हे पाहावे. २००० च्या दशकातील एमआर२ मध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तेथे कोणी चारही चाकांना एकच माप बसवले असेल, तर गाडीचा समतोलच बदललेला असतो.

जीटी८६ कारखान्यातून मिशलिन प्रायमसी टायरवर आली. ते स्पोर्ट्स कारच्या मानाने कमी पकडीचे होते, आणि गाडी कमी वेगात, सौम्यपणे सरकू लागावी हाच त्यामागील हेतू होता. पुढे अनेक मालकांनी त्या जागी अधिक चिकट टायर घातले. गाडीला पकड मिळाली, पण तो सैल, खेळकर स्वभाव गेला. मूळ टायरवरची जीटी८६ आणि चिकट टायरवरची जीटी८६ यांतील अंतर काही वेळा दोन मॉडेलमधील अंतराहून मोठे वाटते.

हवेचा दाब स्वतःच्या मापकाने, टायर थंड असताना, मालकाची परवानगी घेऊन तपासावा. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला दाबच ठेवावा. दोन्ही गाड्यांत सारखी हवा भरणे ही चूक आहे: एनडीसाठी २९ पीएसआय सांगितलेले आहे, जीटी८६ साठी ३५. एनडीत ३५ भरली, तर ती खडखडू लागेल आणि दोष सस्पेन्शनला दिला जाईल.

पडताळणी: टायर अगदी वेगळ्या प्रतीचे असतील किंवा गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग घातलेल्या असतील, तर त्या दिवशी पकड, स्टिअरिंग आणि आराम यांची तुलना सोडून द्यावी. बैठक, क्लच, गियर आणि इंजिन यांची तुलना तरीही करता येते.

## टप्पा ४: विमा आणि रस्ता

विक्रेत्याच्या गाडीवर सामान्यतः त्याचाच विमा असतो, परंतु तो तुमचे वय आणि तुमचा परवाना यांना लागू आहे का, हे विचारून घ्यावे. खाजगी मालकाची गाडी चालवताना अधिक सावध राहावे. दुसऱ्याची गाडी चालवण्याची मुभा सर्व विम्यांत नसते, आणि जेथे असते तेथेही बहुधा फक्त तिसऱ्या पक्षाची हानी भरून मिळते. चालवलेल्या गाडीचे नुकसान तुमच्याच खिशातून जाते. एका दिवसाचा विमा घेणे हा सुरक्षित मार्ग आहे.

रस्ता आदल्या दिवशी स्वतःच्या गाडीने पाहून ठेवावा. पंचवीस ते तीस मिनिटांचा फेरा पुरतो. त्यात थोडी गावातील वाहतूक, एक मोठे राउंडअबाउट, ठिगळे पडलेला खराब रस्ता, ताशी ६० मैल मर्यादेचा नागमोडी बी-रोड (दुय्यम दर्जाचा रस्ता) आणि ड्युअल कॅरेजवेचा (दुभाजक असलेल्या रस्त्याचा) एक छोटा तुकडा असावा. बी-रोडवरील दोन वळणे आधीच निवडून ठेवावीत: एक लांब व खुले, आणि एक दुसऱ्या गियरचे. सर्व गाड्यांची परीक्षा याच दोन वळणांवर करायची आहे. रस्ता कोरडा हवा, आणि शाळा सुटण्याच्या वेळा टाळाव्यात.

दोन्ही गाड्या एकाच गावात न मिळणे ही अडचण खरी आहे. अशा वेळी रोजची स्वतःची गाडी हे माप म्हणून वापरावे. प्रत्येक ठिकाणी आधी आपलीच गाडी त्या फेऱ्यावर चालवावी आणि लगेच चाचणीची गाडी घ्यावी. मग दोन्हींची तुलना एका ओळखीच्या गाडीशी होते, आणि रस्त्यामुळे पडणारा फरक बऱ्याच अंशी बाजूला काढता येतो. हा उपाय एकाच रस्त्यावरच्या चाचणीइतका चांगला नाही, परंतु तीन आठवड्यांच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे.

## टप्पा ५: इंजिन सुरू करण्यापूर्वी बसून पाहा

पातळ तळव्याचे बूट घालून जावे, आणि सर्व गाड्यांत तेच बूट ठेवावेत. आसन असे लावावे की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील, आणि पाठ न उचलता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल. २०१८ च्या बदलापूर्वीच्या एनडीत उंच माणसाला या दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत: पाय ठीक बसले की हात ताणले जातात. ताणलेल्या हातांना स्टिअरिंग जड आणि दूरचे वाटते, आणि दोष यंत्रणेवर ढकलला जातो.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यातील अंतरही उभ्या गाडीतच तपासावे. ब्रेक जोरात दाबलेला असताना पावलाची कड ॲक्सिलरेटरला लागते का, हे पाहावे. गियर उतरवताना इंजिनाचे फेरे जुळवण्याची सवय असलेल्या चालकाला हे रोज लागेल.

भारतात वर्षानुवर्षे उंच बैठकीची हॅचबॅक चालवून आलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमिनीजवळ बसल्यावर तोच वेग बराच जास्त भासतो. पहिली स्पोर्ट्स कार वेगवान वाटण्यामागे अनेकदा केवळ हीच उंची असते, म्हणून वेग वेगमापकावरच वाचावा.

## टप्पा ६: पहिली दहा मिनिटे मत बनवू नका

थंड गियरबॉक्स खरे बोलत नाही. एमएक्स-५ आणि जीटी८६ या दोन्हींत तेल गरम होईपर्यंत दुसरा गियर अडखळत पडणे सामान्य आहे. गरम झाल्यावरही तो अडखळला, तरच ते लिहून घ्यावे. टायर आणि ब्रेकही याच काळात कामाच्या तापमानाला येतात. इंजिन गरम होईपर्यंत जास्त फेऱ्यांवर नेऊ नये. हा वेळ आरसे, दृश्यता आणि क्लचची पकड कोठे सुरू होते हे समजून घेण्यात घालवावा.

छत उघडणारी गाडी आणि कूपे (कायमच्या छताची गाडी) यांची तुलना असेल, तर मुख्य फेरी छत बंद ठेवूनच करावी. उघड्या छताचा आनंद स्वतंत्र नोंदीत लिहावा. तो खरेदीचे पूर्णपणे योग्य कारण आहे, पण स्टिअरिंगच्या गुणांत तो मिसळू देऊ नये.

## टप्पा ७: एका वेळी एकच गोष्ट तपासा

सर्व काही एकाच वेळी जाणून घेण्याचा प्रयत्न करणारा चालक शेवटी आवाजावरून मत बनवतो. पुढील क्रम पाळावा.

क्लच आणि गियर. गावातील वाहतुकीत, कमी वेगात. दांडीचा प्रवास किती लांब आहे यापेक्षा ती गियरमध्ये नेमकी कोठे बसली हे हाताला कळते का, यावर लक्ष द्यावे. एमएक्स-५ या बाबतीत सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲक्सिलरेटर आणि इंजिन. मोकळ्या, सरळ तुकड्यावर दुसऱ्या गियरमध्ये २,००० फेऱ्यांपासून पाय हळूहळू पूर्ण दाबावा, आणि पिकअप कोठे मंदावतो, कोठे जोर धरतो हे पाहावे. दोन लिटरची नवी एनडी आणि जीआर८६ या दोन्ही गाड्या दुसऱ्या गियरच्या टोकाला ताशी ६० मैलांच्या आसपास पोहोचतात, त्यामुळे ही परीक्षा कायद्याच्या मर्यादेत पूर्ण होते. त्याहून महत्त्वाची परीक्षा अर्ध्या दाबाची आहे: वळणाच्या मध्यात पाय थोडासा हलवल्यावर इंजिन तेवढेच उत्तर देते का? रोजच्या चालवण्यात हाच गुण कामी येतो.

ब्रेक. मागे कोणी नाही याची खात्री करून ताशी ५० वरून २० मैलांपर्यंत, क्रमाने दाब वाढवत. पेडल सरळ खाली जाते का, दाब आणि परिणाम यांचे प्रमाण कळते का, गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. ओढत असेल, तर तो त्या विशिष्ट गाडीचा बिघाड समजावा.

स्टिअरिंग. या भागाला सर्वाधिक वेळ द्यावा. जडपणा आणि संवेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विजेवर चालणारे साहाय्य कमी केले की चाक जड होते, पण त्यामुळे रस्त्याची माहिती वाढत नाही. माहिती कोठून येते, हे समजून घ्यावे. वळणात पुढचे टायर स्टिअरिंगच्या चाकाला पुन्हा सरळ करण्याचा प्रयत्न करतात आणि तो ओढा हाताला जाणवतो. टायर पकडीच्या मर्यादेजवळ येऊ लागला, की पूर्ण घसरण्यापूर्वीच हा ओढा कमी होतो. चांगले स्टिअरिंग हे हलके होणे हातापर्यंत पोहोचवते. वाईट स्टिअरिंगचा जडपणा शेवटपर्यंत तसाच राहतो.

सार्वजनिक रस्त्यावर मर्यादेपर्यंत जायचे नाही, आणि त्याची गरजही नाही. निवडलेल्या लांब वळणात स्थिर वेगाने जाताना बोटांची पकड सैल ठेवावी आणि तीन प्रश्न विचारावेत: कोन वाढवला की ओढा त्या प्रमाणात वाढतो का? रस्त्याची पोत बदलल्याचे डोळ्यांआधी हाताला कळते का? चाक सोडू लागल्यावर ते स्वतःहून, एकसारख्या गतीने सरळ होते का? मग दुसऱ्या गियरच्या वळणात चाक फिरवल्यापासून नाक वळेपर्यंतचा अवकाश पाहावा. टप्पा २ मध्ये लिहिलेले गुणोत्तर येथे आठवावे, म्हणजे चपळाई आणि संवेदना यांची गल्लत होणार नाही.

गाडीचे कलणे. एनडी वळणात स्पष्टपणे कलते, जीआर८६ बरीच सपाट राहते. कलणे म्हणजे पकड कमी असणे, हा समज चुकीचा आहे. कलणे किती आहे यापेक्षा ते कशा रीतीने होते हे पाहावे: एकदाच, सावकाश आणि ठरावीक ठिकाणी थांबणारे कलणे चालकाला उपयोगी माहिती देते; झटक्याने होणारे किंवा दोन हेलकाव्यांत होणारे कलणे बहुधा दमलेल्या शॉक ॲब्सॉर्बरचे लक्षण असते. राउंडअबाउटवर ते उत्तम कळते, कारण तेथे गाडी लागोपाठ दोन्ही बाजूंना कलते.

इशारा: एमआर२ मध्ये वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढू नये. मागे वजन असलेल्या गाडीचा भार अशा वेळी पुढे सरकतो, मागच्या टायरची पकड घटते आणि मागचा भाग बाहेर जाऊ शकतो. वेग वळणापूर्वीच कमी करावा. कोणत्याही गाडीतील घसरण-नियंत्रण चाचणीसाठी बंद करू नये.

खराब रस्ता आणि आवाज. ठिगळांच्या रस्त्यावर ताशी ३० मैलांनी जाताना डॅशबोर्ड आणि आरसा थरथरतो का, हे छत उघडणाऱ्या गाड्यांत विशेषकरून पाहावे. आवाजाबाबत सावध राहावे: जीआर८६ इंजिनाच्या आवाजात स्पीकरमधून भर घालते. ड्युअल कॅरेजवेवर ताशी ७० मैलांनी पाच मिनिटे जाऊन, शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येते का, तेही तपासावे.

## टप्पा ८: पहिल्या गाडीत परत या

हा टप्पा जवळजवळ सर्वजण वगळतात आणि चाचणीचे निम्मे मोल गमावतात. पहिली, दुसरी आणि पुन्हा पहिली, असा क्रम ठेवावा. पहिल्या खेपेस चालक रस्त्याला आणि गाडीला दोघांनाही नवा असतो. दुसऱ्या गाडीत तो सरावलेला असतो, म्हणून दुसरी गाडी सोपी वाटते. पहिलीत परतल्यावर दहा मिनिटांतच कळते की कोणता फरक गाडीचा होता आणि कोणता सरावाचा. आधी हलके वाटलेले स्टिअरिंग आताही हलकेच वाटत असेल, तर ती नोंद पक्की. वाटत नसेल, तर ती खोडावी.

## टप्पा ९: नोंदी कशा लिहाव्यात

प्रत्येक फेरीनंतर गाडी थांबवून, सोबत्याशी बोलण्यापूर्वी, पाच-सहा वाक्ये लिहावीत किंवा फोनवर बोलून ठेवावीत. गुण देऊ नयेत. दहापैकी सात म्हणजे काय, हे आठवड्याने सांगता येत नाही. त्याऐवजी जागा आणि घटना लिहावी: लांब वळणात ताशी ४५ मैलांना पुढचे टायर स्थिरावल्याचे कळले, ठिगळांवर आरसा धूसर झाला, दुसरा गियर गरम झाल्यावर मऊ पडला. ही वाक्ये दोन्ही गाड्यांसाठी शेजारी ठेवली, की एकमेकांशी ताडता येतात.

खाली टायरची बनावट, वर्ष, हवेचा दाब, तापमान आणि छताची स्थिती लिहावी. पुढे दुसऱ्या मालकाची त्याच मॉडेलची गाडी पाहायला गेल्यावर हीच ओळ सर्वांत उपयोगी पडते: ज्या गाडीवर नोंदी केल्या तिचे टायर मूळ प्रतीचे होते आणि समोरची गाडी वेगळ्या टायरवर उभी असेल, तर ती विकत घेण्यापूर्वी तिलाही त्याच फेऱ्यावर नेऊन टप्पा ७ मधील स्टिअरिंग आणि कलणे या दोन परीक्षा पुन्हा घ्याव्यात.